कस्तुराबाईच्या फोटोसाठी अडवलेला रस्ता

बोरीत अपेक्षाला तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण पाठीमागे तिचं नाव ‘नाकवाली’ पडलं होतं. तिचं स्वतःचं नाक साधं, सरळ आहे. दोष तिच्या फोटोंमधल्या नाकांचा होता. जिंतूर रस्त्यावर तिचा फोटोचा गाळा, दहा फूट लांब, आठ फूट रुंद. मागच्या भिंतीला निळा पडदा, पडद्यापुढे खुर्ची आणि उरलेल्या जागेत अपेक्षा. लेन्स एकच, कॅमेऱ्यासोबत आलेली. सगळा माणूस मावावा म्हणून ती लेन्स पार रुंद करायची आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यासारखी जवळ उभी राहायची. असं केलं की जे पुढे असतं ते फुगतं. माणसात सगळ्यात पुढे काय असतं, हे सांगायला नको.

आणि सगळा माणूस मावावाच लागतो. आमच्याकडे अर्धा फोटो माणूस गेल्यावर हार घालायला असतो. जिवंत माणसाचा फोटो पायांसकट हवा, चपला दिसल्या पाहिजेत. मी गावाशी शंभर गोष्टींवरून भांडते, पण यावरून कधी भांडले नाही. आपले पाय कुणी कापू नयेत, ही मागणी मला रास्त वाटते.

माझाही फोटो अपेक्षानेच काढला होता, मोर्चाच्या बॅनरसाठी. बॅनर लागला त्या दिवशी समोरच्या हॉटेलवाल्या भुजंगने सगळ्यांदेखत सांगितलं की नाक मोर्चाला कधीच पोहोचलंय, कुसुमताई मागून यायल्यात. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. पण खापर मनातल्या मनात अपेक्षाच्या लेन्सवर फोडलं.

तरी पोरीवर माझा जीव आहे. जिंतूरच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे तीन वर्षं ती नुसती लाईट धरून उभी राहिली. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकली. मग त्याचाच जुना कॅमेरा विकत घेतला आणि गाळा टाकला. मीही सगळं असंच शिकलेय, त्यामुळे मला त्यातली मेहनत कळते.

घोळ झाला तो कस्तुराबाईंमुळे. अर्धं गाव ज्यांच्या हातावर जन्मलं, त्या कस्तुराबाई. दिवाळीत नवं लुगडं नेसून फोटोला बसल्या. फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, “मी तुला ह्या जगात सरळ नाकाची काढली होती गं. तू माहं असं कामून केलंस?” बस, एवढंच. त्या दिवसापासून वरच्या आळीतली एकही बाई अपेक्षाच्या गाळ्याची पायरी चढली नाही. फोटो काढायला बाया परभणीला जायच्या आणि एसटीतून उतरून तिच्याच दारावरून घरी यायच्या.

म्हणून अपेक्षाने नवी लेन्स घ्यायचं ठरवलं. परभणीच्या एका दुकानदाराने जुन्या पण धड अशा दोन लेन्स एका दिवसापुरत्या दिल्या. एक पन्नासची, एक पंच्याऐंशीची. पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी दुपारच्या तीनच्या एसटीने कंडक्टरच्या हाती परत पाठवायची. दोन्ही ठेवण्याची ऐपत नव्हती. एक चुकली तर पुढची चार-पाच वर्षं त्या चुकीसोबतच संसार.

तिचा जीव पंच्याऐंशीवर जडला होता. मोबाईलवर जगातले सगळे फोटोवाले तिला सांगत होते की चेहरा खुलवावा तर पंच्याऐंशीनेच. मी म्हटलं, त्यांचे गाळे केवढे आहेत ते विचारलंस का? लेन्सचा आकडा जितका मोठा, तितकं मागे सरावं लागतं, एवढं मला दहा मिनिटांत कळलं होतं. पन्नासची लावून ती दाराबाहेर पायरीवर उभी राहिली की खुर्चीतला माणूस चपलांसकट मावायचा. सरळ हिशोब. पण अपेक्षा तोंड फुगवून बसली.

मी सांगितलं, कस्तुराबाईंनाच विचारू. आणि त्यांना आणायला गेले. त्या येईनात. मी त्यांच्या दारात बसले. उपोषणाची धमकी दिली. त्या म्हणाल्या, बस, भाकरी वाचतील. शेवटी मी म्हटलं की हे नाक घेऊन मी एकटीने बॅनरवर किती दिवस मिरवायचं? तेव्हा हसल्या आणि लुगडं बदलून आल्या.

पहिला फोटो पन्नासच्या लेन्सने, पायरीवरून. नाक एकदम बरोबर. मी म्हटलं, बघ. कस्तुराबाईंनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा काही हलला नाही. नाक त्यांचंच होतं, पण बाकीची बाई तहसीलदारापुढे उभी असल्यासारखी होती. ओठ घट्ट, हात मांडीवर ठोकून बसवलेले. दहा-बारा फुटांवरून कुणी डोळा रोखून उभं राहिलं तर आणखी काय होणार? आठ-दहा काढले, सगळे तहसीलदारापुढचे.

मग अपेक्षाने पंच्याऐंशीची लावली आणि मागे सरायला लागली. पायरी उतरली. नाली ओलांडली. मुरमाच्या पट्टीवर आली. डोळा कॅमेऱ्यात, पाय मागे मागे. “पाय न्हाईत आले अजून,” असं म्हणत ती डांबरावर चढली आणि थांबली ती बरोबर रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर. डावीकडून उसाची ट्रॉली. उजवीकडून काळी-पिवळी जीप. ती ढिम्म.

आता या रस्त्यावर मी चार वेळा रास्ता रोको केलेला आहे. पाय कुठे ठेवायचा, हात किती वर करायचा, हे मला विचार करून ठरवावं लागत नाही. मी मधे जाऊन उभी राहिले. ट्रॉली थांबली, जीप थांबली, आणि मला पाहून जीपमधले चौघे सवयीने खाली उतरून रस्त्यावर मांडी घालून बसले. त्यातल्या एकाने विचारलं, “ताई, मागणी काय हाय आज?”

“कस्तुराबाईचा फोटो.”

त्याने एकदा गाळ्यात पाहिलं, मान डोलावली आणि घोषणा सुरू केली. कस्तुराबाईंचा विजय असो. मागे लागलेल्या गाड्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनीही धरली. भुजंग चहाची किटली घेऊन आंदोलकांत फिरायला लागला. तेवढ्यात मागून कर्णा वाजवत तीनची एसटी आली, तीच, जिच्यात लेन्स परत द्यायची होती. कंडक्टर खाली उतरून माझ्यावर ओरडायला लागला, मी त्याच्यावर. आमची दोघांची चांगलीच जुंपली.

आणि आत, निळ्या पडद्यापुढे, कस्तुराबाईंना दिसलं की आपल्यासाठी अख्खा जिंतूर रस्ता बसलाय. आपल्या हातावर जन्मलेले दाढीमिशांचे बाप्ये आपल्या नावाने ओरडायलेत. पदर तोंडाशी नेला, तो खाली घसरला, आणि त्या अशा हसल्या की त्यांच्या दोन पडलेल्या दातांची जागासुद्धा हसली. कॅमेरा कुठे आहे हे त्या विसरल्या होत्या. तो होताच इतका लांब.

अपेक्षा पळत आत गेली आणि फोटो दाखवला. मीही गेले. कंडक्टरही आला, भांडण अर्धवट सोडून. कस्तुराबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग काचेतल्या स्वतःकडे बोट करून म्हणाल्या, “ही हाय बघ मी.”

कंडक्टर म्हणाला, गाडीला उशीर व्हायलाय, काय द्यायचं ते द्या. अपेक्षाने खोक्यात पन्नासची ठेवली आणि त्याच्या हातात दिली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं गाळ्याचं काय? रोज काय मी रस्ता अडवू?

“ताई, गाळा लहान हाय ह्यात लेन्सची काय चूक?”

हे वाक्य मी पुढच्या भाषणासाठी मनात लिहून ठेवलं. एसटी गेली. ट्रॉली गेली. आंदोलकांना जीपमध्ये परत बसवायला मात्र वेळ लागला, त्यांना अजून एक कप हवा होता.

आता गाळ्याच्या दारावर पाटी आहे, ‘पूर्ण फोटो दुपारी साडेतीन ते साडेचार’. त्या तासाभरात आमच्या रस्त्याला एसटी नसते. ट्रॉल्या आणि जीपा असतात, पण त्यांना काठी घेऊन कस्तुराबाई थांबवतात. त्यांच्यापुढे गाड्या माझ्यापेक्षा पटकन थांबतात, हे कबूल करायला जड जातं. वरच्या आळीतल्या बाया रांगेत असतात, चपला पुसून.

बॅनरचा फोटो बदलायचा म्हणून परवा मीही खुर्चीत बसले. अपेक्षा पांढऱ्या पट्टीवर, कस्तुराबाई काठी आडवी धरून, भुजंग हॉटेलच्या दारात. फोटो आला. पाय आले, चपला आल्या, चेहरा मोकळा आला. नाक बॅनरवर होतं तेवढंच आलं.

कस्तुराबाईंनी काचेत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “कुसमे,” त्या म्हणाल्या, “तुलाबी ह्या जगात मीच काढली होती, ह्याच नाकाची. पोरीच्या लेन्सला बोल लावू नकोस.”