गच्चीवरचा दक्षिण ध्रुव

आधी चहा संपवा. मी सांगायला लागलो की तुम्हाला ठसका लागेल, आणि मग म्हणाल, भाऊंनी आधी सांगायला पाहिजे होतं. माणसानं मूर्खपणा करावा, पण किती? त्याला काही माप?

माझी मुलगी मेघा हवेचा अभ्यास करते. हवेचा! माझा जन्म गांधीबागेच्या बाजारात कापड विकण्यात गेला. कापड चिमटीत धरून पारखता येतं, हवेचं काय धरणार? पण ही पोरगी दक्षिण ध्रुवाकडच्या एका तळावर राहून आली आणि तिथलं सांगायला लागली, की मी हातातला घास विसरायचो. कोसच्या कोस पांढरं. हवेला वासच नाही. आणि बर्फावर ऊन पडलं की त्या बर्फातूनही कसले कसले वायू निघतात, म्हणे. म्हणजे बर्फ श्वास सोडतो की हो! मला तर रोज दुपारी पडल्या पडल्या तो श्वास ऐकू यायचा.

गेल्या डिसेंबरात मेघानं आमच्या गच्चीवर एक यंत्र आणून ठेवलं. लहानशी पेटी, वर नळी. हवा ओढायची आणि तिच्यात धूर किती ते टिपायचं. ध्रुवाची हवा मोजून झाली होती, आता आपल्या गल्लीची मोजून दोन्ही शेजारी ठेवायच्या होत्या. यंत्र मागून आणलेलं, परत द्यायचं होतं. हे बिघडलं तर तिचं वर्षाचं काम बसणार. "फक्त लक्ष ठेवा, बाबा," एवढं सांगून ती कामासाठी पुण्याला गेली.

आता तुम्हीच सांगा, ध्रुवाशेजारी आपली गल्ली बसवायची, म्हणजे इज्जतीचा प्रश्न नाही का? कापडाचं थान उलगडताना डाग आतल्या घडीत कसा ठेवायचा, हे माझ्या हातांना झोपेतही जमतं. मी लागलो कामाला. घरोघरी जाऊन सांगितलं, पालापाचोळा जाळू नका. गाड्या कोपऱ्यावरच बंद करा आणि ढकलत आणा. इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री मागच्या रस्त्यावर हलवली. मेघा सगळ्यांची लाडकी, म्हणून लोकांनी ऐकलं.

अडले ते एकटे बबनराव. हे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. नरखेडच्या शेतातून संत्र्याच्या वाळक्या फांद्या पोत्यात भरून आणतात आणि रोज संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवतात. गुडघे धरलेत, गरम पाण्यानंच मोकळे होतात.

मी मेघाचंच ऐकलेलं त्यांना ऐकवलं, "थंडीत धूर वर जात नाही, बबनराव. गल्लीवर झाकण ठेवल्यावानी होते. थोडे दिवस बंब बंद ठेवा."

"अन् माह्या गुडघ्याचं काय करू गा?"

"पोरीच्या अभ्यासाचा सवाल आहे."

यावर त्यांनी फांद्यांचं पोतं उचलून आत ठेवलं. मेघाला लहानपणी खांद्यावर घेऊन गल्लीभर हिंडवणारा तो माणूस. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी थंड पाण्याच्या पहिल्या तांब्याला एक हुंकार ऐकू यायचा. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण मी वर असायचो ना! यंत्राजवळ खुर्ची टाकून, शाल पांघरून राखणीला बसलेलो. सूर्य पाण्याच्या टाकीमागं उतरायचा. गाड्या मुकाट्यानं ढकलल्या जायच्या. दोरीवरच्या पांढऱ्या चादरी अंधुक उजेडात हलायच्या आणि हळूहळू त्या चादरी राहायच्याच नाहीत, बर्फ व्हायच्या. यंत्र बारीक घुरघुरायचं. बायको खालून जेवायला हाक मारायची, ती कुठूनतरी समुद्रापलीकडून आल्यासारखी वाटायची. इतका सुखी मी आयुष्यात फार थोड्या वेळा झालोय.

मेघा परतली. यंत्र लॅपटॉपला जोडलं. मी बबनरावांनाही वर बोलावलं, त्यांचाही वाटा होताच. पडद्यावर धुराची एक रेघ आली, दिवसभर सपाट. मेघा चक्रावली. "बाबा, ही आपल्या गल्लीची हवा नाही."

मी छाती फुगवून सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, हे गिऱ्हाईक आहे का? मला रोजची हवा पाहिजे होती, जशी आहे तशी." आणि तिचे डोळे भरले.

तेवढ्यात मला दिसलं, रोज संध्याकाळी त्या रेघेला एक डोंगर! सापडला चोर. मी वळलो, "बबनराव, लपून बंब पेटवत होते ना?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "थंड्या पाण्यानं माहे पाय आखडून गेले, भाऊ, अन् तुम्ही मले चोर म्हणून राहिले?"

मेघा अजून पडद्याकडेच पाहत होती. "दुरून आलेला धूर विरत विरत येतो. हा एकदम चढतो. म्हणजे यंत्राला खेटूनच काहीतरी जळत होतं. संध्याकाळी इथं कोण असायचं?"

"कोण असते? हेच," चहा घेऊन वर आलेली बायको म्हणाली. "मच्छर चावतात म्हणून खुर्चीखाली रोज अगरबत्ती लावून."

ती हो, हिरवी, वेटोळ्याची. ध्रुवावर डास नसतात, आमच्या गच्चीवर असतात, त्याला मी काय करणार? पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

मेघानं फोनवर विनवण्या करून यंत्र आणखी थोडे दिवस मागून घेतलं. मला वर यायची बंदी. मी पुन्हा घरोघरी गेलो, हात जोडून सांगितलं, जसं रोज करत होता तसंच करा. सगळे हसून हो म्हणाले. बबनरावांनी मात्र अट घातली.

"बंब पेटवतो. पण जितके दिवस मी थंड्या पाण्यानं आंघोळ केली, तितके दिवस तुम्ही करा. संध्याकाळीच."

बायकोनं ताबडतोब त्यांची बाजू घेतली आणि आमचा गीझर बंद केला. वर यंत्र घुरघुरतंय, भिंतीवरून संत्र्याच्या लाकडाचा धूर येतोय, आणि खाली मोरीत मी. पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि डोळ्यांपुढं सगळं पांढरंफटक झालं. म्हटलं, पोचलो एकदाचे.