पूर्ण समाधानी ग्राहक

कंपन्या ज्या ग्राहकाची स्वप्नं पाहतात, तो निमोण्यात राहतो आणि माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामांचं स्वतःबद्दलचं मत मात्र अगदी उलटं आहे. आपल्याइतका कडक, कंपनीला घाम फोडणारा माणूस शिरूर तालुक्यात दुसरा नाही, असं ते पारावर बसून खुशाल सांगतात. टीव्हीची छत्री गल्लीत पहिल्यांदा त्यांच्या घरावर चढली आणि तेव्हापासून ते त्याच कंपनीचे आहेत. ढग आला की चित्र जातं, ढग गेला तरी येत नाही. न मागितलेल्या वाहिन्यांचा गठ्ठा गळ्यात पडतो आणि जिच्यासाठी सारा खटाटोप, ती वाहिनी तेवढी त्यात नसते. तरी मामा रिचार्ज चुकवत नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर पडद्यावर निळ्या रंगाखेरीज काही उरलं नव्हतं. मामांनी त्या निळ्या रंगाचाही रिचार्ज इमानेइतबारे केला. "आपली बाजू स्वच्छ पायजे," ते म्हणाले. मी कंपनी बदला म्हटलं, तर म्हणाले, "बायको भांडती म्हणून कुणी दुसरी करतं का?" त्यावर आत्या आतून म्हणाली, "बायको दिसती तरी."

आत्याच्या या बोलण्यात नुसती थट्टा नव्हती. तिचे गुडघे गेलेत. उंबऱ्याबाहेर तिचं जग नाही, आणि संध्याकाळची मालिका हेच तिचं चार घरी जाऊन येणं. पडदा निळा झाला तशी ती भिंतीकडे तोंड करून लवकर झोपू लागली. मामांना ते दिसत होतं, म्हणून तर ते तक्रारीला पेटले होते.

त्यांची तक्रार म्हणजे एक सोहळा असे. उभा जन्म दौंडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेला, त्यामुळे सरकारी काम बनियनवर करायचं नाही हा शिरस्ता. इस्त्रीचा सदरा चढवून, फोन स्पीकरवर टाकून ते उभे राहत. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली की तिलाही "व्हय, व्हय" म्हणत. खडसावून सुनावण्यासाठी पाठ केलेली वाक्यं तयार असत. मग एखादी खरी मुलगी फोनवर येई, "नमस्कार सर" म्हणे, आणि मामांच्या तोंडून निघे, "जेवलीस का बाळा?" तिथंच लढाई संपे. ती टीव्हीखालचा डबा बंद करून चालू करायला सांगे, मामा करत. निळ्याचं निळंच राही. ती दिलगिरी व्यक्त करी, तर मामाच तिची समजूत काढत. शेवटी रेकॉर्ड विचारी: समाधान झालं असल्यास एक दाबा, नसल्यास दोन. मामा एक दाबत. लगेच संदेश येई की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आणि दुरुस्तीला कुणीही येत नसे.

हा प्रकार एकदा माझ्यासमोर घडला तेव्हा मी कपाळावर हात मारला. असं एक दाबून तुम्हीच तुमची तक्रार मारताय, हे समजावून सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, "पोरगी नीट बोलली. दोन दाबला तर तिचा साहेब तिला खाईल. तिनं माझी छत्री मोडली का?" यावर मला हसू आलं, मग चीड आली. कारण कंपनीला नेमकं हेच हवं असतं. ज्याचा दोष तो कधी फोनवर येत नाही. जी येते, तिच्या हातात ना शिडी असते ना पाना. मालक पगारदार पोरींच्या आडोशाला बसतो आणि मामांसारख्यांच्या भलेपणावर आपल्या उत्तम सेवेच्या जाहिराती करतो.

इकडे आत्यासाठी मामांनी तोड काढली होती. ते रोज संध्याकाळी शेजारी जाऊन तिची मालिका बघत आणि घरी येऊन सांगत. पण वाईट सांगायला त्यांची जीभ रेटत नसे. त्यांच्या मालिकेत सासू सुनेला दूध देई, त्यात विष नसे. दिराला इस्टेटीचा मोह नसे. भांडणं जेवायच्या आत मिटत. आत्याला शंका येई की मग हे लोक रोज येऊन करतात तरी काय. एके दिवशी शेजारीण डोकावली आणि सहज बोलून गेली की मालिकेतल्या थोरलीचं लग्न मोडलं ते बाई फार वाईट झालं. मामांनी आपल्या सांगण्यात त्या लग्नाच्या पंगती उठवून आठवडा झाला होता.

आत्या ओरडली नाही. मामांकडे बघत एवढंच म्हणाली, "तुम्हीबी कंपनीवाणीच. आत काय का असंना, सगळं बरं हाय म्हणायचं." मामांनी सदरा घातला आणि फोन लावला. आत्या खाटेवरून धुसफुसत होती, मामा फोनवर बोलता बोलता तिलाही उत्तरं देत होते, पोरीचं नाव विचारायचंही राहून गेलं. शेवटचा प्रश्न आला तशी आत्यानं फोन हिसकावला आणि दोन दाबला.

दुसऱ्याच दिवशी शिक्रापूरहून एक माणूस मोटारसायकलवर आला. छत्रीवरचा एक तुकडा बदलला आणि चहाला आधण येण्याआधी खाली उतरला. पडद्यावर माणसं आली. सासू, दीर, मोडलेलं लग्न, सगळं आलं.

त्यानंतर मी गेलो तेव्हा आत्या उशीला टेकून मालिका बघत होती आणि मामा दारात फोन धरून उभे होते. पलीकडची कुणी नवी मुलगी काय तक्रार आहे विचारत होती. "तक्रार न्हाई, बाळा," मामा म्हणाले. "परवा एक पोरगी बोलली माझ्याशी. तिला कामावरनं काढलं न्हाई ना, तेवढं सांग." ही माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही, असं ती गोड आवाजात म्हणाली. आणखी काही मदत करू का, तेही तिनं विचारलं. मामांनी फोन बंद केला.

मालिकेत कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. आत्यानं रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "दुसरी कुणी उचलंल."