रक्ताच्या फ्रीजची फाईल

अंजनीताई फाईल वाचून राहिली होती. स्क्रीनवर नाही, कागदावर. बिघडलेली फाईल आधी छापायची, मग एकेक ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, ही तिची पद्धत. नेपियर टाउनचे कम्प्युटरवाले हसतात. हसू दे. त्यांच्यानं सुधरत नाही ते आमच्याच दुकानात येते. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी बोलणं टाकलं, हिनं काम दिलं. हिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं त मी ऐकून घेत नाही.

त्या दिवशी आम्ही एका नर्सिंग होममध्ये होतो. रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रीजवर नजर ठेवणारा प्रोग्राम सकाळपासून उघडत नव्हता. मॅनेजर योगेशजी डोक्यावर उभे.

"दीदी, जल्दी. तीन बजे इन्स्पेक्शन आहे. नुसती स्क्रीन चालू करून द्या."

"वाचू द्या."

"पोथी आहे काय?"

"पोथी असती त तुम्ही हात नसता लावला."

एका ओळीत कंस गायब होता. तो टाकला, स्क्रीन उघडली. फ्रीज अकरा डिग्री, बाजूला हिरवा दिवा.

"चलो, हो गया," योगेशजी म्हणाले.

ताई उठली नाही. तिचं बोट खालच्या ओळीवर होतं, आवाज बंद झाला होता. अलार्म किती डिग्रीवर वाजायचा, त्याची ओळ. सोळा.

"किती पाहिजे?" मी विचारलं.

"सहा. त्याच्यावर गेलं त रक्त खराब होते."

तिनं सहा केलं. अलार्म बोंबलायला लागला.

"बंद करा तो," योगेशजी म्हणाले. "नवरात्रात खाली आरती चालायची, मधेच वाजायचा, म्हणून वाढवला होता."

नवरात्र होऊन दीड महिना झाला होता.

"आज पिशवी कोणाला दिली?" ताईनं विचारलं.

दारात उभी विनता सिस्टर बोलली, "आठ नंबर बेड. बाळंतीण आहे. आत्ताच वर नेली."

ताई अनवाणीच जिना चढली. मी मागे. पिशवी टांगली होती, नळीतून लाल उतरून राहिलं होतं, बाईच्या हातापर्यंत वीतभर बाकी. ताईनं नळी मुठीत दाबली. सिस्टरनं सुई काढली तरी मूठ उघडली नाही.

दुसरीकडून रक्त आणलं, बाई वाचली. दीड महिन्यात किती पिशव्या गेल्या, हे ताईनं विचारलं तेव्हा योगेशजींनी रजिस्टर कपाटात टाकून कुलूप लावलं.

मी मोहल्ल्यात ही गोष्ट छाती फुगवून सांगत फिरलो. चार महिन्यांनी नदीवर, ग्वारीघाटावर बसलो असताना ताईनं सांगितलं. घटस्थापनेच्या दिवशी योगेशजींचा फोन आला होता, अलार्म वाढवा, फक्त नऊ दिवसांसाठी म्हणून. दुकानात बसल्या बसल्या, इंटरनेटवरून, तो सोळा तिनंच टाकला होता.