ट्रायलच्या आधीचे दोन तास

त्या रविवारी चार वाजता ट्रायल होती, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी दीदीने तिची गन माझ्या टेबलावर आणून ठेवली. "चालत नाहीये," ती म्हणाली. "बघ ना जरा."

कडोदऱ्याच्या पुढे, हायवेला लागून, एका काकांचं पेंटबॉलचं मैदान आहे. रबरी टायर, जुनी पिंपं आणि जाळी. तिथे मी दर रविवारी काउंटरवर बसते. लोकांना मास्क देते, हवेच्या टाक्या भरते, बंदुका पुसते. त्यांचं खरं नाव मार्कर, पण सगळे गनच म्हणतात. दाबलेल्या हवेने त्यातून रंगाच्या गोळ्या उडतात. मैदानाच्या भाड्याच्या गन साध्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या. दीदी म्हणजे तिथे खेळायला येणारी, माझ्याहून मोठी मुलगी; तिची गन मात्र स्वतःची आणि इलेक्ट्रॉनिक. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन करून साठवलेल्या पैशांतून तिने ती जुनी विकत घेतली होती. चार वाजता बडोद्याहून एक कोच येणार होते, सात जणांची टीम निवडायला. दीदी त्या ट्रायलसाठी सहा महिने येत होती. ऊन असो, ताप असो, तिने रविवार चुकवलेला मला आठवत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. म्हणून काका मला एन्जिनिअर म्हणतात, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडवायला. आदल्या रविवारी दीदीने गन माझ्याकडे दिली होती. "साफ करून ठेव, तुझ्याशिवाय कुणाला कळणार?" असं म्हणाली होती. मी ती भेस्तानला घरी नेली. मॅन्युअल मोबाइलवर उतरवून घेतलं, इंग्रजीत. बोर्डाची, सेन्सरची, बॅटरीची पानं मी परीक्षेसारखी वाचली, डिक्शनरी घेऊन. परीक्षा तिथेच आहे असं मला वाटत होतं.

तर, मी ट्रिगर ओढला. आत टिक असा आवाज आला, पण गोळी नळीच्या तोंडातून घरंगळून टेबलावर पडली. दुसऱ्यांदा आतच फुटली, आणि निळा रंग माझ्या हातावर ओघळला.

इलेक्ट्रॉनिक गनमध्ये ट्रिगर म्हणजे नुसता स्विच असतो. तो बोर्डाला सांगतो, बोर्ड क्षणभर व्हॉल्व्ह उघडतो, हवा दट्ट्याला पुढे ढकलते आणि गोळी सुटते. गोळी नीट बसली की नाही हे दोन बारीक सेन्सर बघतात. त्यांना डोळे म्हणतात. मी आधी बॅटरी बदलली. काही फरक नाही. मग कापसाच्या काडीने डोळे पुसले. मग हवेचा दाब पाहिला, तो बरोबर होता. टिक ऐकू येतंय म्हणजे बोर्ड आणि व्हॉल्व्ह ठीक असणार, एवढं मला कळत होतं. त्यापुढे काय, ते कळत नव्हतं.

"एन्जिनिअर, गन चालू करवानी छे के एनी पूजा करवानी छे?" काकांनी लांबूनच विचारलं. सगळे हसले. मीही हसले.

पावणेतीनच्या सुमाराला दीदीचा एक मित्र निघाला. त्याला नवसारीला जायचं होतं. त्याच्याकडेही इलेक्ट्रॉनिक गन होती. तो दीदीला म्हणाला, "माझी ठेव, मी उद्या नेईन." दीदीने माझ्याकडे पाहिलं. "होईल ना गं?"

"होईल," मी म्हणाले. "पाच मिनिटं."

मी असं का म्हणाले, हे मी नंतर खूप वेळा स्वतःला विचारलं. घरी लाइट बिल मी वाचते, बँकेचा फॉर्म मी भरते, दवाखान्याचा कागद मी समजावून सांगते. मला माहीत नसेल तर घरात दुसरं कुणीच नाही ज्याला विचारावं. म्हणून मी आधी 'होईल' म्हणते आणि मग शोधते. बहुतेक वेळा होतंही. मित्र गन घेऊन गेला.

तीन वाजता मी पप्पांना फोन लावला. पप्पा लूमच्या कारखान्यात मेकॅनिक आहेत. मागे लूमचा खडखडाट होता, दोघांनाही ओरडावं लागत होतं.

"काय जयं वं माय?"

"पप्पा, दट्ट्या जाम वाटतोय. पुढेच जात नाही."

"तेल टाकं व्हतं ना आपन?"

"हो."

"मंग आखो एक थेंब टाक. कोल्ली मशीन पार्ट खास."

कोरडं मशीन स्वतःचेच पार्ट खातं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सकाळी कारखान्यात गेल्यावर चहाच्याही आधी ते प्रत्येक लूमला तेल देतात. त्या आठवड्यात मी गन खोलून बसले होते, तेव्हा ते शेजारी उकिडवे बसून किती तरी वेळ पाहत होते. मग त्यांनी त्यांची तेलाची छोटी बाटली आणली. मी मॅन्युअलमधलं तेला-ग्रीसचं पान वाचलंच नव्हतं. तेवढं एक आपल्याला घरचंच येतं, असं मला वाटलं होतं.

बाटली माझ्या बॅगेतच होती. मी आणखी एक थेंब टाकला.

गोळी आता नळीबाहेरही आली नाही.

मग मी दट्ट्या ओढून बाहेर काढला. त्यावर रबरासारख्या पाच बारीक रिंगा असतात, हवा अडवायला. त्यांतल्या दोन फुगल्या होत्या. खाचेतून वर आल्या होत्या, बोटाला मऊ आणि बुळबुळीत लागत होत्या. मी मोबाइलवर ते न वाचलेलं पान उघडलं. मशीनचं तेल वापरू नये, असं त्यात जाड अक्षरात लिहिलं होतं. रिंगा खराब होतात, फक्त सांगितलेलं ग्रीसच लावावं. त्या वाक्यासाठी मला डिक्शनरी लागली नाही.

सव्वातीन झाले होते. दीदी समोरच टायरच्या मागे बसून उठण्याचा, वळण्याचा सराव करत होती. तिने हात हलवून विचारलं, झालं का? मी म्हणाले, "दोन रिंगा बदलाव्या लागतील. आणते." का बदलाव्या लागतील, ते नाही सांगितलं.

रिक्षाने कडोदऱ्याच्या चौकात गेले. लूमचं सामान विकणारं एक दुकान उघडं होतं. बरण्याच बरण्या भरून रिंगा, काळ्या, लाल, पांढऱ्या. मी दट्ट्यावरची रिंग दाखवली. दुकानदाराने ती बोटात फिरवली.

"ही तर फुगलीय, बेन. मूळ माप काय?"

मला माप माहीत नव्हतं, आणि न फुगलेल्या तीन वेगळ्या मापाच्या होत्या. त्याने अंदाजाने तीन मापांच्या दिल्या. परत येऊन मी एकेक बसवून पाहिली. एक सैल, हवा सगळी बाजूने निघून गेली. एक इतकी घट्ट की दट्ट्या आत जाईना. तिसरी बसवताना माझे हात तेलाने घसरत होते आणि ती टेबलाखाली कुठे तरी उडाली. मी गुडघ्यांवर बसून ती शोधत होते, तेव्हा कोचची गाडी आत आली.

दीदी आली. टेबलावर तिची गन दहा तुकड्यांत पडली होती. तिने पाहिलं. रॅकवरून भाड्याची एक गन उचलली आणि मास्क लावला.

तिचा नेम चांगला आहे. पळतेही चांगली. पण समोरचे ज्या वेगाने गोळ्या सोडत होते, त्या वेगाने तिची गन चालत नव्हती. ती पिंपामागे अडकली, बाहेर निघायला दोनदा वाकली, तिसऱ्यांदा तिच्या खांद्यावर पिवळा डाग पडला. कोचनी शेवटी सात नावं वाचली. मी सातवं नाव होईपर्यंत टेबलाची कड धरून उभी होते. तिचं नव्हतं.

ती हात धुऊन आली तेव्हा मी गनचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळत होते. "दीदी," मी म्हणाले, "रिंगा मी खराब केल्या. चुकीचं तेल घातलं."

"तेल कोणे कह्युं हतुं?"

"कुणी नाही. माझ्या मनानेच."

"तुला कधी कळलं?"

"सव्वातीनला."

तिने ओले हात कुर्त्याला पुसले. "पावणेतीनला 'नाही येत' असं म्हणाली असतीस, तर मी त्याची ठेवून घेतली असती." आवाज चढवला नाही तिने. मला वाटलं, चढवायला हवा होता. मी सॉरी म्हणाले, ते इतकं बारीक निघालं की तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. नव्या रिंगा मी मागवते, म्हणाले. ती म्हणाली, "बघू."

दर रविवारी ती मला स्कूटरवरून पर्वत पाटियापर्यंत सोडायची. त्या दिवशी मी मुद्दाम रेंगाळले, मास्क पुन्हा मोजले, म्हणजे ती निघून जाईल. बाहेर आले तर स्कूटर चालू करून ती फाटकात थांबलेली. गनचं पुडकं पायापाशी ठेवलेलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बेसी जा."

मी बसले. एरवी तिच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. त्या दिवशी मागची दांडी धरली. हायवेवर ट्रकांचा आवाज होता, त्यामुळे बोललो नाही ते चालून गेलं. पण पर्वत पाटियाच्या सिग्नलला स्कूटर थांबली, सगळं जरा शांत झालं, आणि तिच्या कुर्त्याच्या खांद्यावरचा तो पिवळा डाग माझ्या डोळ्यांसमोर होता, अजून ओला.