चिंचेने घासलेली मिशी

देवाची भांडी घासायला बायकोने चिंच भिजवली, की त्या आंबट वासाने मला अजूनही अपराधी वाटतं. मी नववीत होतो. ज्या समाजसुधारकांचं नाव आमच्या शाळेला होतं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांचा सोनेरी पुतळा पुसायचं शिपाईमामांचं काम माझ्याकडे आलं. मला तो पितळी वाटला, म्हणून घरून चिंच आणून मी तो काथ्याने मनापासून घासला. पुतळा निघाला प्लॅस्टरचा. अर्धी मिशी गळून पडली, आणि वाईट दिसू नये म्हणून उरलेली अर्धी मीच खरवडली. सकाळी मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना सगळ्यांदेखत झापलं, "नोकरी घालवीन तुमची!" मी रांगेत मागे सरकलो. तेवढ्यात पाहुणे म्हणून आलेले समाजसुधारकांचे नातू पुतळ्यापुढे थबकले. म्हणाले, "वा! आजोबांना मिशी नव्हतीच हो. दरवर्षी सांगायचा संकोच वाटायचा." मुख्याध्यापक लगेच म्हणाले, "म्हणून तर दुरुस्त करून घेतला." मामांची नोकरी वाचली, पण माझी माफी राहिली. परवा ते इंदिरानगरच्या बागेत भेटले, तेव्हा मी हात जोडून सारं कबूल केलं. मामा हसले, "ठाऊक हाय रे. टाळ्या वाजवताना साऱ्या शाळेत तुझेच हात सोनेरी व्हते."