शिआनच्या तटबंदीसाठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला चीनमधली जुनी शहरं दाखवायची म्हणून मी बेत आखत होते. शिआनच्या तटबंदीला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून म्हटलं, "आई, तिथं तू खालीच बस. मी पटकन वर जाऊन येते."

काल कामावरून लवकर परतले, तर आई जिन्यात दिसली. कठडा धरून, मध्येच थांबत चढत होती.

"लिफ्ट बंद आहे का गं?"

"चालू आहे की," ती धापा टाकत म्हणाली. "पण एवढ्या लांब जाऊन खाली बसू? मला तुझ्याबरोबर वरून बघायचंय."

गुडघ्यांची काळजी करता करता आपण माणसाच्या हौसेलाही खाली बसवून ठेवतो. मी पर्स खांद्याला अडकवली आणि तिच्यामागून, तिच्याच चालीनं चढू लागले.