बारा ते चार

भिंतीला भोक पाडायच्या आधी मामा ड्रिल मशीन खाली ठेवायचे, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बाजूला घ्यायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "ह्या खोलीत कोणी वारलंय का?"

कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने असं विचारल्यावर घरमालकाचा चेहरा कसा होत असेल, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. काही जण हसायचे. काही जण माझ्याकडे रागाने बघायचे, कारण कॅमेरे माझ्या दुकानातले असायचे आणि या माणसालाही मीच आणलेलं असायचं. मी मान खाली घालून केबलचं वेटोळं सोडवत बसायचो. पण उत्तर मात्र सगळे द्यायचे. "हो, आमची आई. त्या कोपऱ्यात तिची खाट होती." मग मामा खिशातला खडू काढून तो कोपरा सोडून दुसरीकडे खूण करायचे. तशा कोपऱ्याकडे त्यांनी कॅमेऱ्याचं तोंड कधी केलं नाही.

ते माझे मामा नव्हते, आमच्या परतुरात सगळेच त्यांना मामा म्हणत. मूळचे वाटूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण जीव तारांमध्ये गुंतलेला. गावात टीव्ही आले तेव्हा पत्र्यावर चढून अँटेना फिरवणारे तेच. पुढे केबल आली तेव्हा खांबावर चढणारेही तेच. व्यापाऱ्यांना कॅमेऱ्यांचं वेड लागलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, तरी शिडीवर तेच. आणि मी विजेच्या सामानाचा दुकानदार. बारावी सायन्सला दोनदा बसलेला आणि दोनदा पडलेला, त्यामुळे शास्त्रावर माझा विश्वास जरा जास्तच. "मामा, हे काय खूळ काढलंय?" असं मी पहिलं वर्षभर त्यांना विचारत असे.

"खूळ न्हाई भाऊ. आपण घरात नवा पाहुणा आणून राह्यलो. जुन्याला इचारायला नको?"

एकदा वाटूरला चार भावांच्या घरी आम्ही चार कॅमेरे घेऊन गेलो. थोरल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, धाकट्याचं दार दिसलं पाहिजे. धाकट्याने सांगितलं, थोरल्याचं. मधल्या दोघांचंही तसंच काहीतरी. मामांनी चौघांचं ऐकून घेतलं, प्रत्येकाला "बराबर" म्हणाले आणि चारही कॅमेरे रस्त्याकडे तोंड करून ठोकले. भाऊ चिडले. मामा शिडी खांद्यावर घेत म्हणाले, "चोर भायेरून येतो म्हणतेत. घरातल्या घरात बघू नका, डोळे बिघडतेत." हा माणूस वेडा आहे यावर चौघांचं एकमत झालं. त्या घरात बऱ्याच वर्षांनी कशावर तरी एकमत झालं असावं.

जाफराबादला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना कॅमेरा नेमका नवरा गेला त्याच खोलीत हवा होता. मुलगा तो चोरांसाठी घेत होता. आई कशासाठी घेत होती, ते तिने फक्त मामांना सांगितलं. दुपारच्या वेळी त्या खोलीत खाट करकरते, कोण बसतं ते एकदा बघायचंय, म्हणाली. मामा तिच्या पायाशी उकिडवे बसले.

"माय, खाट वाजती ना? मंग वाजू द्या. आपण बघाया लागलो की येत न्हाईत."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि कॅमेरा अंगणात लावायला सांगितला. येताना एसटीत मी मामांची यथेच्छ चेष्टा केली. ते खिडकीतून कापसाची शेतं बघत राहिले, एका शब्दाने उलटले नाहीत. तेव्हा मला त्यांच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं.

घरी मामी होत्या, आणि मामींना विसर पडत चालला होता. आधी त्या भाजीत मीठ विसरल्या, मग आपली गल्ली, मग मामांचं नाव. केस विंचरायचंही विसरल्या, आणि दुसऱ्याला हात लावू देत नसत. मामांनी फणी घेतली की ओरडायच्या. एका दुपारी त्या उठून चालत गेल्या आणि रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसल्या. गँगमनने पाहिलं म्हणून वाचल्या. मामींचा भाऊ त्यांना न्यायला आला, मामांनी पाठवलं नाही. पण पोटासाठी बाहेर तर पडायलाच हवं. मग ते रोज सकाळी मामींना जेवू घालून बाहेरून कुलूप लावू लागले. किल्ली करगोट्याला बांधलेली. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"जनावराला बी कोणी असं कोंडत न्हाई, भाऊ."

मीच म्हणालो, मामा, दुकानात एक जुना कॅमेरा पडलाय, रेकॉर्डरही आहे. घरी लावा. दिवसभर त्या काय करतात ते निदान संध्याकाळी कळेल. त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि मोरी. त्या खोलीत त्यांची मुलगी तापाने वारली होती, चौथीत असताना. एकुलती एक. सोडायला दुसरा कोपरा नव्हता. जन्मभर पाळलेला नियम त्यांनी आपल्याच घरात मोडला, आणि तो मी मोडायला लावला, हे मला आज लिहून टाकायचं आहे.

तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग होतं. दुपारी बारा ते चार लाईट नसायची. लाईट गेली की रेकॉर्डर बंद, आली की आपोआप सुरू. म्हणजे दिवसाच्या मधोमध चार तासांचा खड्डा. घरी जाऊन पुन्हा कुलूप लावणं जिवावर यायचं, म्हणून एवढा वेळ मामा माझ्या दुकानासमोर स्टुलावर बसून असत.

आठवड्याभराने ते संध्याकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, जरा घरी चला. मला दिसून राह्यलं ते तुम्हाला बी दिसतं का, बघायचंय."

मामी कोपऱ्यात निजल्या होत्या. मामांनी टीव्ही लावला. पडद्यावर बारा वाजत आलेले. मामी लोखंडी खुर्चीत बसलेल्या, पांढरे केस पिंजारून तोंडावर आलेले, नजर दाराकडे. मग लाईट गेली आणि चित्र तुटलं. पुन्हा आलं तेव्हा चार वाजून गेले होते. मामी त्याच खुर्चीत. पण केसांना तेल लावलेलं, मधोमध सरळ भांग, दोन घट्ट वेण्या, वर दुमडून लाल फितींनी बांधलेल्या. शाळेतल्या मुलींसारख्या. मी कोपऱ्यात निजलेल्या मामींकडे बघितलं, त्याच वेण्या, त्याच फिती.

"हे आजचं," मामा म्हणाले. "कालचं बी असंच. परवाचं बी. रातीतून सुटतेत, दुपारी परत."

मी आधी शेजाऱ्यांचा संशय घेतला, मग मामांचाच. पण कुलूप तसंच होतं, किल्ली एकच होती, मागे दार नव्हतं, आणि बारा ते चार हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. मी म्हणालो, मामी स्वतःच घालत असतील. मामांनी मामींचा उजवा हात हलकेच उचलून मला दाखवला. बोटं आखडून मुठीत वळलेली होती. त्या हाताने त्यांना पेलाही धरता येत नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. मुलगी शाळेतून आली की आईला खुर्चीत बसवायची, तिच्या वेण्या घालायची आणि आपल्याच फिती बांधायची. मामी तशाच नळावर पाणी भरायला जायच्या. बायका हसायच्या आणि मामीही हसायच्या. फिती पेटीच्या तळाशी ठेवलेल्या होत्या. इतक्या वर्षांत मामांनी ती पेटी उघडली नव्हती.

"इन्व्हर्टर देतो," मी म्हणालो. "चार तास रेकॉर्डिंग चालू राहील. काय ते एकदाचं कळेल."

"नको."

"अहो मामा, पण कोण येतं ते बघायला नको?"

"मला ठावं हाय कोण येतं. बघितलं आन् यायचीच बंद झाली तर हिला कोण हाय? मी तर कुलूप लावून जाणारा."

मी इन्व्हर्टरचा विषय सोडून दिला. पण तुमच्यापासून लपवून काय करू, मला बघायचं होतं. पुढे रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. आणि एके दिवशी ते दिसलं. त्या दुपारी लाईट वेळेच्या पाच मिनिटं आधी आली होती.

चित्र आलं तेव्हा मामींची एक वेणी बांधून झाली होती. दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते. हात मांडीवर, डोळे मिटलेले. आणि त्यांचं डोकं थोड्या थोड्या वेळाने मागे ओढलं जात होतं. गुंता काढताना बसतात तसे बारीक हिसके. एक, थोडं थांबून आणखी एक. खुर्चीमागे भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. बाकी काही नव्हतं. मग हिसके थांबले. मामींनी डोळे उघडले, मागे वळून पाहिलं आणि एकदम केविलवाणा चेहरा केला. अर्धे केस तसेच मोकळे राहिले.

मामांनी टीव्ही बंद केला.

"लाईट जल्दी आली आज," ते म्हणाले. "पोरीला काम अर्धं टाकून जावं लागलं."

त्यांनी पक्कड घेतली आणि कॅमेऱ्याची केबल मधोमध कापली. वीतभर तारसुद्धा वाया न घालवणारा माणूस. मग कोपऱ्यात जाऊन मामींच्या डोक्यावर हात ठेवून बसले. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो आणि चौकात आल्यावर पायांत घातल्या.

पुढच्या वर्षी आमच्या भागातलं लोडशेडिंग बंद झालं. गावात आनंदीआनंद. पिठाच्या गिरणीवाल्याने पेढे वाटले, ते मीही खाल्ले. मामा मात्र तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले तेव्हा चेहरा उतरलेला. मामींचे केस तीन दिवस मोकळेच होते, खुर्चीत बसून त्या दाराकडे बघत रडत होत्या. त्या दिवसापासून मामांनी कामाच्या वेळा बदलल्या. बाराला घरी जायचे, मेन स्विच खाली ओढायचे, कुलूप लावून यायचे, आणि चारला जाऊन वर करायचे. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे पंखे फिरत असताना त्या एका घरात अंधार. लोक म्हणत, म्हातारा चिकट आहे. मी म्हणत नसे, कारण मामींच्या वेण्या पुन्हा दिसू लागल्या होत्या. मामी अशा आणखी दोन वर्षं जगल्या. गेल्या त्या दिवशीही वेण्या घातलेल्या होत्या. आंघोळ घालताना बायका फिती सोडू लागल्या, तर मामा म्हणाले, "असू द्या."

त्यानंतर मामांनी शिडीला हात लावला नाही. कामं पडून राहिली. वर्षभर निरोप पाठवले, आले नाहीत. शेजारीण म्हणाली, तेराव्यापासून दुपारी मेन बंद करून आत बसलेले असतात, कडी लावत नाहीत, हाक मारली तर ओ देत नाहीत. चारला उठतात, लाईट लावतात आणि चहा ठेवतात. रोज तेच चाललंय.

मी दोनच्या सुमाराला गेलो. दार लोटलेलं होतं. आत उन्हाची एक तिरीप तेवढी जमिनीवर पडलेली. मामा मामींच्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, दाराकडे पाठ करून. केस महिनोन्‌महिने कापले नव्हते, मानेखाली उतरून त्यांच्या जटा झाल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर तेलाची बाटली, फणी आणि धुऊन घडी केलेल्या दोन लाल फिती. सगळं हाताशी येईल असं मांडून ठेवलेलं. इतक्या दुपारी गेल्या आणि त्यांच्या केसांना कोणी हात लावला नव्हता.

मी रागवायला गेलो होतो. चला मामा, वेडेपणा पुरे, असं म्हणणार होतो. पण माझ्या पावलाच्या आवाजाने त्यांची पाठ ताठ झाली, खांदे किंचित वर आले, आणि मान त्यांनी विंचरायला द्यावी तशी जरा मागे टेकवली. वळून मात्र पाहिलं नाही.

मी बाटली उघडून तळहातावर तेल घेतलं. फणी घेतली. गुंता फार होता, हळूहळू सोडवावा लागला. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ते हूं की चूं करत नव्हते. बऱ्याच वेळाने बोलले.

"हात मोठे झाले गं तुझे."

मी तोंडातून शब्द काढला नाही. भांग पाडला आणि मला आल्या तशा दोन वेण्या घालत राहिलो.